मतचाचणी की मतप्रचार?

अमेरिकेत निवडणुकीच्या दिवसांत दूरध्वनीवरून ध्वनिमुद्रित आवाज विचारतो, ‘अमुक उमेदवाराने कर चुकविला असे कळले, तरी आपण त्याला मत द्याल काय?’ वरकरणी ही मतचाचणी; वस्तुतः हा प्रश्नाच्या वेषातील आरोप होय. त्यास तेथे ‘पुश पोल’ म्हणतात. खऱ्या चाचणीत सुमारे हजार व्यक्तींची निवड करून त्यांच्या उत्तरांची मोजदाद होते. येथे आरोप असंख्य घरी पोहोचविला जातो. उत्तरे कोणी मोजीत नाही. अशा भडिमाराने त्रासलेला नागरिक प्रामाणिक प्रश्नकर्त्यालाही टाळू लागतो. प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी-चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळाला होता. २०१८ मध्ये तो ६ टक्क्यांवर आला. याची कारणे अनेक असली, तरी गमावलेला विश्वास हे त्यांपैकी एक होय. लोकमत जाणण्याचे साधन अशा रीतीने बोथट होते.