उलटी कोलांटी : आधी मान, मग उडी

मुले पुढे कोलांटी मारतात, ते आपण रोज पाहतो. वाळूत मारतात, गवतात मारतात. पुढे जाताना जमीन डोळ्यांना दिसते. मागे जाताना काहीच दिसत नाही. म्हणून उलटी कोलांटी शिकून घ्यावी लागते. ती नुसती मारून बघायची गोष्ट नव्हे.

माझ्या शाळेतली हकिगत सांगतो. सहावीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत फरशीवर उलटी कोलांटी घेतली. हात टेकलेच नाहीत. सगळा भार मानेवर आला. पोर तिथेच पडून राहिले. दोघेजण उचलायला धावले. मी ओरडलो, "हात लावू नका! मान हलवू नका!" डॉक्टर येईपर्यंत मी त्याचे डोके दोन्ही हातांनी तसेच धरून बसलो. दैव चांगले, मान फक्त लचकली होती. महिन्याभरात पोर बरे झाले.

त्याची आई मला म्हणाली, "गुरुजी, पोराला रागावू नका. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं."

बाई खरे बोलली. आदल्या आठवड्यात त्याच्या पुढच्या कोलांटीला मीच शाबासकी दिली होती. मागची मात्र शिकवली नव्हती. तेव्हापासून मी पायरीपायरीने शिकवू लागलो.

जागा : तालमीतला उकरलेला हौदा उत्तम. नाहीतर व्यायामशाळेतली गादी. फरशी नको, कडक अंगण नको. दोन गाद्यांमधली फटही नको. मागे सहा-सात फूट जागा मोकळी असावी. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्यावेत. आधी मनगटे, खांदे आणि मान हळूहळू हलवून अंग सैल करावे.

पहिली पायरी, पाळणा : उकिडवे बसा. गुडघे छातीशी, हनुवटी छातीला. पाठ गोल करा. खांद्यांपर्यंत मागे जा आणि परत या. असे दहा वेळा करा. डोके जमिनीवर आपटता कामा नये.

दुसरी पायरी, हात : तळवे आभाळाकडे करून कानांजवळ धरा. बोटे खांद्यांकडे, कोपरे वर. आता पाळणा घ्या. मागे गेल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पुरे टेकले पाहिजेत. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी, उतार : गादीचे एक टोक खालून उंच करा. उंच टोकाला उतरणीकडे पाठ करून बसा. उतारावर अंग आपोआप फिरते, जोर कमी लागतो.

चौथी पायरी, पुरी कोलांटी : उकिडवे बसा. टाचांजवळ बसून मागे लोळा. हात टेकताच जमीन जोराने ढकला. कंबर डोक्यावरून जाईल. पाय टेकतील. उभे राहा. भार हातांवर घ्यायचा, मानेवर नव्हे. मधेच अडकलात तर डोके वाकडे करू नका. गुडघे पोटाशी ठेवून पुढे परत या.

शिकवणाऱ्याने बाजूला गुडघे टेकून बसावे. कंबर वर आली की दोन्ही हातांनी धरून वर उचलावी. पाय ढकलू नयेत. पाय ढकलले की भार मानेवर जातो.

ज्यांची मान किंवा पाठ दुखते, ज्यांना चक्कर येते, ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, त्यांनी हा व्यायाम करू नये. गरोदर बाईनेही करू नये.

हल्ली मुले मोबाइलवर हवेतल्या उलट्या उड्या पाहतात आणि लगेच करू जातात. त्यांना अडवा. ती उडी वेगळी. ती जाणत्या शिक्षकाशिवाय करायची नाही.

पडल्यावर मान दुखली, हातापायांना मुंग्या आल्या किंवा ते बधिर झाले, तर माणसाला उठवू नये, बसवू नये. डोके आहे तसे स्थिर धरावे आणि 108 नंबरला फोन करून गाडी बोलवावी.

कोलांटी आज नाही जमली, तर उद्या जमेल. मान मात्र एकच आहे.

प्रश्न
1. पुढच्या कोलांटीपेक्षा उलटी कोलांटी अवघड का?
2. तळवे कोठे व कसे धरावेत?
3. शिकवणाऱ्याने पाय का ढकलू नयेत?
4. मानेला मार लागल्यास काय करावे? घरी सर्वांना वाचून दाखवा.