केमोला जाण्याआधी

बाईच्या छातीत गाठ येते. पुष्कळदा ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई कुणाला सांगत नाही. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. डॉक्टर सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. त्यात कर्करोग निघाला, की साऱ्या घराचा धीर सुटतो. अशा वेळी काय करावे, ते आज आपण शिकू.

केमो म्हणजे काय?

आपले शरीर बारीक पेशींचे बनले आहे. कर्करोगात काही पेशी बेताल वाढत सुटतात. त्या दुसरीकडेही पसरतात. त्यांना मारणाऱ्या औषधांना केमो म्हणतात. बहुधा हे औषध सलाइनमधून देतात. कुणाला ते ऑपरेशनच्या आधी देतात, कुणाला नंतर. सगळ्यांनाच ते लागते असे नाही.

पऱ्हाटीत डवरा फिरवला, की तण उपटते. पिकाचीही चार झाडे मोडतात. पण पीक सावरते. केमोचे तसेच आहे. ते जोराने वाढणाऱ्या पेशींना मारते. केसांच्या, तोंडाच्या आणि रक्ताच्या पेशीही जोराने वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, अशक्तपणा वाटतो. अंग सावरावे म्हणून मध्ये दिवस सोडतात. पुष्कळदा २१ दिवसांनी पुढचा डोस असतो.

इटलीतील मिलान शहरात डॉ. बोनाडोना होते. ऑपरेशननंतर तीन औषधे दिली, तर रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते, असे त्यांनी १९७६ साली दाखवून दिले. आता ही विद्या आपल्या दाराशी आली आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, या ठिकाणी कर्करोगावर उपचार होतात.

तयारी कशी करावी?

१. सगळे कागद एका पिशवीत ठेवा. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. आधी त्याला भेटा.

२. डॉक्टरांपासून काही लपवू नका. साखर, रक्तदाब, दम्याचा आजार, झाडपाल्याचे औषध, सगळे सांगा. दिवस गेले असतील, मूल अंगावर पीत असेल, किंवा पुढे मूल हवे असेल, तर तेही आधीच बोला. उपचार चालू असताना दिवस जाऊ देऊ नयेत.

३. रक्ताची व हृदयाची तपासणी सांगतील, ती करून घ्या. किडलेले दात आधीच दाखवा.

४. सोबत कोण येणार, स्वयंपाक कोण करणार, लेकरे कोण सांभाळणार, हे घरात बसून ठरवा. हे एकट्या बाईचे ओझे नव्हे.

५. भाकर, वरण, अंडे, दूध, जे पचेल ते थोडे थोडे खा. पाणी उकळून प्या. उघड्यावरचे खाऊ नका.

६. केस बहुधा दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. आधीच बारीक कापले, तर मनाला कमी लागते. उपचार संपल्यावर केस पुन्हा येतात.

७. केमोचे एक औषध लाल असते. त्याने एक-दोन दिवस लघवी लाल होते. ते रक्त नव्हे. भिऊ नका.

हे विसरू नका

घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ डिग्री किंवा त्याहून जास्त झाला, तर त्याच घडीला दवाखाना गाठा. रात्र असली तरी निघा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या अंगाच्या राखणदार आहेत. राखणदार नसला, की साधा जंतूही जीव घेतो. दवाखान्याचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. तुम्हाला आता लिहिता येते!

कर्करोग शिवल्याने होत नाही. बाईचे ताट वेगळे करू नका. लेकरांना तिच्याजवळ बसू द्या. फक्त डोसनंतर दोन दिवस तिची लघवी किंवा ओकारी साफ करताना हातमोजे घाला.

अर्धवट सोडू नका

आपल्याच भागातील एका बाईची गोष्ट सांगतो. दोन डोस झाले, आणि गाठ हाताला लागेनाशी झाली. मालक म्हणाले, "आता कायले जायचं? सोयाबीन काढायला आलं."

बाई म्हणाली, "अहो, दोन डवरे मारून तुम्ही पऱ्हाटी सोडता का?"

मालक गप्प झाले. तिसऱ्या डोसाला ते स्वतःच सोबत गेले.

गाठ दिसत नाही, म्हणजे रोग गेला असे नव्हे. डोस कधी थांबवायचे, ते डॉक्टर सांगतील. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. गेलेला दिवस परत येत नाही.

प्रश्न

१. केमोने केस का गळतात?
२. ताप किती झाला, की दवाखान्यात जावे?
३. सोबत कोणते कागद न्यावेत?
४. हा धडा घरी मोठ्याने वाचून दाखवा.