नको असलेली मदत

बुद्धिबळ खेळताना तोंडातून शब्द काढावा लागत नाही. आजच्या पाठातल्या खेळात मात्र बोलण्यातच अर्धा वेळ जातो. खेळाचे नाव डिप्लोमसी, म्हणजे मुत्सद्देगिरी. अमेरिकेतील अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी तो तयार केला आणि १९५९ साली स्वखर्चाने त्याचे ५०० संच काढले. (पुढे हे गृहस्थ पोस्टमन झाले!)

पटावर १९०१ सालचा युरोप असतो आणि सात खेळाडू म्हणजे सात सत्ता. पटावरच्या ३४ केंद्रांपैकी १८ मिळवील तो जिंकला. फासे नाहीत. सगळ्या सैन्यांची ताकद सारखीच, एक. आधी खलबते होतात, मग प्रत्येक जण आपले हुकूम गुपचूप लिहितो आणि सर्वांचे कागद एकदम उघडतात. तोंडी वचन कोणावरही बंधनकारक नाही. समान ताकदीची दोन सैन्ये एकाच जागी निघाली तर दोन्ही अडतात, म्हणून शेजारच्या सैन्याचा पाठिंबा लागतो. पाठिंबा मिळाला की ताकद दोन. पाठिंबा देणाऱ्यावरच दुसरीकडून हल्ला झाला तर तो पाठिंबा तुटतो.

आता खरी गंमत. परक्याच्या सैन्यालाही पाठिंबा देता येतो, आणि त्याला तो नाकारता येत नाही!

समजा, ऑस्ट्रियाची सैन्ये व्हिएन्ना आणि सर्बियात आहेत. मधले बुडापेस्ट रिकामे आहे आणि शेजारी गॅलिशियात रशियाचे सैन्य टपून बसले आहे. ऑस्ट्रिया आपल्या दोन्ही सैन्यांना मुद्दाम बुडापेस्टला जायला सांगतो. दोन्ही एकमेकांना अडवतील, आपापल्या जागी राहतील आणि रशियालाही आत शिरता येणार नाही. दोन सैन्यांत तीन जागा राखल्या! पण रशियाने ही चाल ओळखली. तो लिहितो, "सर्बियाहून बुडापेस्टला जाणाऱ्या सैन्यास पाठिंबा." झाले! सर्बियाच्या सैन्याची ताकद दोन झाली, ते बुडापेस्टात शिरले, सर्बिया मोकळे पडले आणि बल्गेरियात थांबलेला तुर्कस्तान तिथे आरामात चालत गेला. तुर्कस्तान आणि रशियाचे आधीच ठरलेले होते, हे सांगायला नकोच.

दुसरा प्रकार साधा आहे. मला तो जरा हलकाच वाटतो, पण चालतो फार. सायलेशियातला जर्मनी ऑस्ट्रियाला म्हणतो, "तू व्हिएन्नाहून गॅलिशियाला जा, मी पाठिंबा देईन." कागदावर मात्र लिहितो, "व्हिएन्नाहून बोहेमियाला." हुकुमाशी जुळत नाही तो पाठिंबा फुकट. वर "अरे, लिहिताना घोटाळा झाला" म्हणायला मोकळा! पंचमीचा 'हून' आणि चतुर्थीचा 'ला' कुठल्या शब्दाला लागतो, यावर इथे राज्ये जातात.

पालकांनो, डाव पाच-सहा तास सहज चालतो. रुसवेफुगवे होतात, तेव्हा खाण्याची सोय ठेवा.

शब्दार्थ : खलबत – गुप्त मसलत (रायगडावर यासाठी खलबतखाना होता). टपणे – संधीची वाट पाहणे.

स्वाध्याय : (१) ऑस्ट्रियाचे तिसरे सैन्य बोहेमियात असते, तर कोणता हुकूम लिहून रशियाचा पाठिंबा तोडता आला असता? नकाशा पाहा.
(२) रशिया आणि जर्मनी यांपैकी खोटे कोण बोलले? पाच वाक्ये लिहा. आईबाबांचे मत वेगळे असल्यास तेही लिहा.