मोरीचे पाणी आणि कर्दळीचा वाफा

वस्तीत घरभेटीला गेले की एका आजींचे बोलणे हमखास आठवते. त्या म्हणाल्या होत्या, "सिस्टर, नळ दारात आला, पण पाणी दारातून जाईना." आपल्या बहुतेक वस्त्यांची हीच गत आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे ठरले. पाच माणसांच्या घरात म्हणजे पावणेतीनशे लिटर. त्यातले दोनशेच्या आसपास लिटर अंघोळ, भांडी आणि धुणे करून मोरीतून बाहेर पडते. ते जाणार कुठे? गटार नसेल तर ते दारातच साचते. गटार असले आणि पुढे उतार नसला, तर ते शेजाऱ्याच्या दारात साचते. गावाच्या उताराला वसलेल्या वस्तीत तर वरच्या आळीचे पाणीही येऊन थांबते.

त्या डबक्यात काय होते ते आधी समजून घेऊ. घाण, साचलेल्या पाण्यात क्यूलेक्स जातीचा डास अंडी घालतो. हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास तोच. आपल्याकडच्या उन्हात अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे पंधरा दिवस तसेच राहिलेले डबके डासांची एक पिढी बाहेर सोडून दुसरीला लागलेले असते. त्यात लेकरे अनवाणी खेळतात, तेच हात तोंडात जातात आणि हगवण घरात येते. हातपंपाभोवती चिखल असेल तर घाण झिरपून पिण्याचे पाणीही बिघडते. औषधे देऊन मी थकले, पण डबके तसेच राहिले तर महिन्याभराने तेच लेकरू पुन्हा दवाखान्यात.

यावर शोषखड्डा हा चांगला उपाय आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून डासांना आळा घातला, हे अनेकांनी ऐकले असेल. मुरमाड जमीन असेल तर शोषखड्डाच करावा. पण आपल्या शहागडसारख्या गोदाकाठच्या गावात काळी माती आहे. ही माती भिजली की फुगते आणि पाणी पुढे जाऊ देत नाही. शिवाय पावसाळ्यात नदीजवळ जमिनीतले पाणी वर आलेले असते. अशा जागी शोषखड्डा लवकर तुंबतो. तिथे दुसरा मार्ग घ्यावा : खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ.

हा वाफा काम कसे करतो?

न गळणाऱ्या खड्ड्यात खडी भरायची, तिच्यात पाणवनस्पती लावायची आणि मोरीचे पाणी खडीच्या आतून हळूहळू पुढे सरकू द्यायचे. खडीवर आणि मुळांवर सूक्ष्म जिवाणूंचा बुळबुळीत थर तयार होतो. पाण्यातली घाण मुख्यतः हे जिवाणू खातात. मुळे त्यांना आधार देतात आणि झाड पाण्यातले खत शोषून घेते. पाणी खडीच्या खाली राहते, उघडे दिसत नाही. म्हणून डासाला अंडी घालायला जागा मिळत नाही आणि वासही फारसा येत नाही. जर्मनीत कॅथे झाइडल या शास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. आज ही पद्धत जगभर वापरतात. शहरात बागेतल्या तळ्याचे पाणी स्वच्छ ठेवायलाही असाच वाफा करतात.

पाच-सहा माणसांच्या घरासाठी कृती

१. जागा : मोरीपेक्षा खालच्या अंगाला, ऊन येईल अशी जागा निवडा. हातपंप, आड किंवा बोअर यांपासून किमान ५० फूट दूर. जागा नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून करा, पण माणसे वाढतील त्या प्रमाणात वाफाही वाढवा.

२. निवळणीचा ड्रम : मोरीचे पाणी थेट खडीत सोडू नका. आधी मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, म्हणजे खरकटे आणि केस अडकतील. मग पाणी २०० लिटरच्या झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये घ्या. तेलकट तवंग वर तरंगतो, गाळ खाली बसतो. ड्रममधून बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून टी बसवून तिचे खालचे तोंड पाण्यात बुडते ठेवा. मधले निवळ पाणीच पुढे जाईल. झाकण घट्ट हवे, फट राहिली तर ड्रममध्येच डास होतील.

३. खड्डा : १० फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट खोल. तळाला पुढच्या टोकाकडे एक इंच उतार द्या. भोवती वीतभर उंच बांध घाला, म्हणजे पावसाचे वाहते पाणी आत येणार नाही.

४. कागद : तळातले टोकदार दगड काढून वाळूचा पातळ थर द्या. त्यावर शेततळ्याला वापरतात तो जाड प्लॅस्टिक कागद अंथरा. १६ फूट बाय ९ फूट तुकडा पुरतो. शेततळे केलेल्या शेतकऱ्याकडे उरलेला तुकडा मिळू शकतो.

५. बाहेरचा पाइप : शेवटच्या टोकाला चार इंची पाइप उभा ठेवा. त्याला फक्त तळाशी भोके पाडा. तळापासून २० इंचांवर टी लावून आडवा पाइप वाफ्याबाहेर काढा. कागदाला तेवढेच एक भोक पडेल, ते नीट बंद करा. पाणी खालून पाइपात शिरते, २० इंच चढते आणि मगच बाहेर पडते. त्यामुळे पाण्याची पातळी खडीच्या चार इंच खाली राहते. उभ्या पाइपाच्या वरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

६. खडी : दोन्ही टोकांना एक-एक फुटात मोठे गोटे आणि मधे अर्धा-पाऊण इंची खडी. सगळे मिळून ६० घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडे जास्त. खडी धुऊनच भरा. न धुतलेल्या खडीची भुकटी वाफा तुंबवते. माती अजिबात टाकू नका. ड्रमचा पाइप सुरुवातीच्या गोट्यांत, वरून दिसणार नाही असा सोडा.

७. रोपे : कर्दळ सर्वांत सोपी. ओढ्याकाठचे पाणकणीसही चालते. मुळे खडीतल्या पाण्याला टेकतील अशी, हात-दीड हातावर एक लावा. जलपर्णी मात्र आणू नका. पहिले पंधरा दिवस साधे पाणी द्या, मग मोरीचे थोडे थोडे वाढवा. वाफा पूर्ण कामाला लागायला दोन-तीन महिने जातात.

एवढ्या खडीच्या पोकळीत साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी मावते. रोज दोनशे लिटर सोडले तर पाणी अडीच-तीन दिवस आत राहते, आणि जिवाणूंना तेवढा वेळ पुरतो.

हे विसरू नका

संडासाचे किंवा सेप्टिक टाकीचे पाणी या वाफ्यात कधीही सोडू नका. फिनाईल आणि ॲसिडही नको, त्याने जिवाणू मरतात. साबणाचे नेहमीचे पाणी चालते.

बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसले तरी पिण्याचे नाही, भांडी धुण्याचेही नाही. ते केळी, पपई किंवा शेवग्याच्या आळ्यात सोडा. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा कच्च्या खायच्या भाज्यांना देऊ नका.

आठवड्यातून एकदा ड्रममधला तवंग काढून मातीत पुरा. तीन-चार महिन्यांनी गाळ काढा. कर्दळ वाढली की छाटा. खडीवर पाणी दिसू लागले तर सुरुवातीचा भाग तुंबला असे समजा. तेवढे गोटे आणि खडी काढून, धुऊन परत भरा. ही कामे करताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. आणि हे काम एकट्या सुनेच्या गळ्यात नको, घरातल्या पुरुषांनीही पाळी लावून घ्यावी.

विहारात असा वाफा करणार असाल तर १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानाचा विचार आधी करा. त्या दिवशी शेकडो ताटांचे तेलकट पाणी येते. घरगुती मापाचा वाफा ते पेलणार नाही. ते पाणी वेगळ्या खड्ड्यात घ्या.

अजून एक. या वाफ्याने डेंग्यू थांबत नाही. डेंग्यूचा एडिस डास रांजण, टाकी, कूलर, टायर यांतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचाच : सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, वाळवून मग भरायची.

आपले काम आणि पंचायतीचे काम

वाफा आपण आपल्या अंगणात करू. पण वस्तीचे गटार बांधणे, त्याला उतार देणे, पाणी शेवटपर्यंत नेणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. आपण कर्दळ लावली म्हणून पंचायत मोकळी होत नाही. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याची कामे बसतात. रोजगार हमीतून शोषखड्डे घेता येतात. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. ग्रामसभेत तोंडी बोलून थांबू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि ठराव इतिवृत्तात लिहिला की नाही ते वाचून पाहा. अर्जात मोघम "गटार करा" न लिहिता किती घरे, किती फूट लांबी, पाणी कुठे साचते, हे मोजून लिहा. महिला मंडळाला हे एका सकाळीत मोजता येते.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. स्वच्छ पाणी हा माणूस म्हणून आपला हक्क आहे, हे त्या दिवशी जगाला दिसले. दारात घाण पाणी साचू न देणे ही त्याच हक्काची दुसरी बाजू आहे. येत्या ग्रामसभेला अर्ज घेऊन जा. आणि त्याआधीच्या रविवारी एका घराच्या मोरीमागे पहिला खड्डा आखा. शेजारची घरे पाहायला येतील, तेव्हा त्यांना खडी धुवायला बसवा.

नमो बुद्धाय! जय भीम!