पटकथालेखन : काही गैरसमज

कविता व एकांकिका लिहिणाऱ्या अनेक विद्यार्थी मित्रांना चित्रपटासाठी लिहावेसे वाटते. परंतु या व्यवसायाविषयी काही गैरसमज रूढ आहेत. त्यांपायी कुणी वाट सोडतो, तर कुणी फसतो. म्हणून त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

१. ‘पटकथा म्हणजे संवाद.’ – हे खरे नाही. पडद्यावर जे दिसेल आणि ऐकू येईल त्याची प्रसंगवार मांडणी म्हणजे पटकथा. ‘रामा मनातून खचला’ हे वाक्य कथेत चालते. कॅमेऱ्याला मन दिसत नाही. तेथे लिहावे लागते : ‘रामा भाकरीचा तुकडा मोडतो, तसाच ताटात ठेवतो, दिवा मालवतो.’ ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटाची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि संवाद वसंत देव यांचे. ही तीन वेगळी कामे आहेत. सरावासाठी आवडत्या कथेचे एक पान घ्यावे व त्यातील न दिसणाऱ्या वाक्यांच्या जागी कृती लिहाव्यात.

२. ‘कल्पना सुचली की ती आपल्या मालकीची.’ – ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून घेतला, असा दावा आर. जी. आनंद यांनी केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. केवळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे तत्त्व त्या निकालात स्पष्ट झाले. म्हणून नुसते सांगत फिरू नये. पूर्ण लिहावे, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावे आणि लेखी कराराशिवाय काम देऊ नये. २०१२ च्या कायदा दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतील हक्क लेखकाने निर्मात्याला सोडून देणे कायद्याला मान्य नाही. सही करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

३. ‘पदवी किंवा ओळख हवीच.’ – पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १९६०) पटकथालेखन शिकवले जाते. त्याचा लाभ अवश्य घ्यावा; पण ती अट नव्हे. तेंडुलकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते. त्यांनी वाचनाने व निरीक्षणाने ती उणीव भरून काढली. यावरून शिक्षण सोडावे, असा अर्थ मात्र कुणी काढू नये! ‘पैसे द्या, काम मिळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

४. ‘पहिल्या लेखनावरच पोट भरेल.’ – मानधन अनियमित असते. नोकरी सांभाळून रोज तासभर लिहावे आणि तेच पुन्हा पुन्हा सुधारावे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या आईवडिलांच्या कष्टाचे प्रसंग आपणच जवळून पाहिले आहेत. ते पाहिले तसे कागदावर उतरवण्याची शिस्त अंगी बाणवा. सुरुवात तेथूनच होते.