सायकलची बैठक आणि खोगीरभरती

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपल्यापैकी अनेकांची रोज ये-जा असते. परंतु या रस्त्याच्या नावाशी सायकलीचे नाते आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि त्यांचे बंधू रामूअण्णा ते सांभाळू लागले. लोखंडी नांगर आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी ही सारी पुढची कथा. एका मोठ्या उद्योगाची सुरुवात आपल्या गावात, सायकलीपासून झाली. योगायोग असा की, त्याच १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट मिळवले. त्यापूर्वीच्या सायकली स्वाराची हाडे खिळखिळी करीत. डनलॉपच्या टायरने रस्त्याचे धक्के पुष्कळ कमी केले. पण सायकलस्वार आणि सायकल यांची गाठ जिथे पडते, त्या बैठकीचा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा राहिला. तो अजूनही तसाच आहे.

हा विषय मला सुचला तो एका विद्यार्थ्यामुळे. संकेश्वरकडच्या एका खेड्यातला हा मुलगा. दोन सुट्ट्या काम करून त्याने साठवलेल्या पैशांतून जुनी रोड बाइक घेतली. रोड बाइक म्हणजे वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, लांब पल्ल्याची सायकल. निपाणी ते बेळगाव हे सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर एका दमात काटायचे आणि पुढे २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये उतरायचे, हे त्याचे स्वप्न. महिन्याभराने तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, सायकल विकायची आहे. कोणी गिऱ्हाईक असेल तर सांगा."

"अरे, पण का?" मी विचारले.

बराच वेळ तो बोलेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "सर, तासाभरात सगळं बधिर होतं. रात्रीपर्यंत मुंग्या जात नाहीत. कुणाला सांगायचीही लाज वाटते."

या लाजेपायी किती मुलांनी आणि त्याहून किती अधिक मुलींनी सायकल सोडली असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. म्हणूनच आडपडदा न ठेवता हा विषय मांडावा, असे वाटले.

बसतो म्हणजे नेमके कशावर बसतो?

बसल्यावर आपल्या शरीराचा भार कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन गाठींवर येतो. शरीरशास्त्रात या हाडाला आसनास्थी म्हणतात. कठीण बाकावर बसून दोन्ही तळहात खाली सरकवले, की या दोन गाठी स्पष्ट हाताला लागतात. भार पेलण्यासाठीच निसर्गाने त्या दिल्या आहेत. त्या दोहोंच्या मधला भाग मात्र मऊ असतो. त्यातून जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. त्या भार पेलण्यासाठी नाहीत.

चांगल्या बैठकीचे सारे शास्त्र एवढ्यात आले : भार हाडांवर पडावा, मधल्या मऊ भागावर पडू नये.

यातूनच दोन प्रकारच्या त्रासांतला फरक कळतो. नव्याने सायकल चालवणाऱ्याची ही हाडे पहिले दोन-तीन आठवडे दुखतात. हे दुखणे तालमीतल्या पहिल्या दिवसांच्या अंगदुखीसारखे असते. सवयीने ते जाते. पण बधिरता आणि मुंग्या म्हणजे नसा दाबल्या जात असल्याचा इशारा. तो सवयीने घालवायचा नसतो. त्याचे कारण शोधायचे असते. आमच्या विद्यार्थ्याला मित्रांनी सांगितले होते, "सवय होईल." दुखण्याबाबत हा सल्ला बरोबर ठरला असता, बधिरतेबाबत तो घातक आहे.

मऊ गादीचा मोह

दुकानात आपण अंगठ्याने सीट दाबून पाहतो आणि जी जास्त दबेल ती चांगली, असे ठरवतो. घोड्याच्या पाठीवरील बैठकीला आपण खोगीर किंवा जीन म्हणतो; कानडीतही जीनु हा शब्द आहे. त्या खोगिरात जे काही चिंध्या-चोथा कोंबायचे, त्यावरून मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द रूढ झाला. मऊ सीटमध्ये बहुधा अशीच खोगीरभरती असते.

त्याचे कारण साधे आहे. फार मऊ गादीत दोन्ही हाडे खोल रुततात. हाडांखालची गादी दबली की मधली गादी वर येते आणि नेमक्या त्याच नाजूक भागावर दाब देते. पाच-दहा मिनिटे बसून पाहिले तर ती गादी सुखाची वाटते, पण तासाभराने तीच वैरीण होते. आमच्या विद्यार्थ्यानेही पहिला उपाय म्हणून सीटवर जेलचे जाड कव्हर चढवले होते. त्रास कमी होण्याऐवजी वाढला.

याउलट ताणलेल्या चामड्याच्या जुन्या बैठका पाहा. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीची स्थापना १८६६ सालची. तिच्या चामडी बैठका आजही लांब पल्ल्याचे सायकलस्वार वापरतात. हाताला त्या लाकडासारख्या कडक लागतात. पण चामडे झोळीसारखे ताणलेले असल्याने काही शे किलोमीटरनंतर ते स्वाराच्या हाडांच्या आकाराप्रमाणे किंचित बसते. तात्पर्य, मऊपणा वेगळा आणि आधार वेगळा. थोड्या वेळासाठी मऊपणा चालतो. दूर जायचे तर आधारच हवा.

रुंदी कशी मोजावी?

बुटाचे माप पाहिल्याशिवाय आपण बूट घेत नाही. मग सीट माप न पाहता का घ्यावी? माप घरच्या घरी काढता येते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण बाकावर ठेवा. पातळ कपड्यात त्यावर बसा, किंचित पुढे वाका आणि पायाच्या टाचा उचला. मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजा. बहुतेकांचे ते १० ते १४ सेंटीमीटरच्या दरम्यान भरते. स्त्रियांच्या कटीची रचना वेगळी असल्याने त्यांचे हे अंतर सरासरीने काहीसे अधिक असते. मात्र अंगयष्टीवरून अंदाज बांधू नये. हे अंतर हाडांचे असते, देहाच्या स्थूलतेशी त्याचा संबंध नाही.

या अंतरात साधारण २ ते ३ सेंटीमीटर मिळवावेत. समजा अंतर ११.५ सेंटीमीटर आले, तर १३.५ ते १४.५ सेंटीमीटर रुंदीची सीट पाहावी. सीट याहून अरुंद असेल तर हाडे कडेबाहेर लोंबकळतात आणि भार मऊ भागावर येतो. फार रुंद असेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला घासते.

बसण्याच्या पद्धतीवरही रुंदी अवलंबून असते. पहाटे खेड्यातून शहरात दूध घेऊन येणारे गवळी ज्या उंच, काळ्या सायकली चालवीत, त्यांवर माणूस ताठ बसतो. सगळा भार सीटवर येतो. म्हणून तिथे रुंद, स्प्रिंगची सीट योग्यच असते. रोड बाइकवर आपण पुढे वाकतो. भार हात, पाय आणि बैठक या तिघांत वाटला जातो, आणि कंबर पुढे कलल्यामुळे हाडांचा जो भाग टेकतो तो पुढे निमुळता होत गेलेला असतो. म्हणून तिथे काहीशी अरुंद आणि घट्ट सीट सोयीची. काही सीटना मध्ये खाच किंवा आरपार भोक असते, ते मऊ भागावरचा दाब हलका करण्यासाठी. अनेकांना त्याचा लाभ होतो. काहींना मात्र त्या भोकाची कड टोचते. त्यामुळे बसून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

दोष सीटचा की बसवण्याचा?

इथे आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट पुन्हा घेतो. त्याची सायकल मी भिंतीला टेकवून उभी केली. सीटचे नाक चांगलेच वर उचललेले होते आणि उंचीही जास्त होती. पेडल मारताना त्याची कंबर डावी-उजवीकडे डोलत होती. अशा स्थितीत जगातली सर्वोत्तम सीटही त्रासच देणार! म्हणून सीट बदलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट उंची. सायकलीवर बसून पेडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ व्हावा, पण कंबर झुकू नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप योग्य तेवढा बाक येतो. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक रीत आहे. भिंतीला पाठ लावून उभे राहा, जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. ते अंतर ८० सेंटीमीटर असेल तर गुणाकार सुमारे ७०.६ येतो. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढी उंची ठेवून सुरुवात करावी. हा आकडा सुरुवातीचा समजावा, ब्रह्मवाक्य नव्हे.

दुसरी गोष्ट कल. सीटवर स्पिरिट लेव्हल किंवा सरळ पट्टी ठेवून ती जमिनीला समांतर करावी. नाक वर असेल तर बधिरता येते. फार खाली असेल तर शरीर पुढे घसरते आणि मनगटे दुखू लागतात. गरज वाटल्यास नाक दोन-तीन अंश खाली करावे, त्याहून अधिक नाही.

तिसरी गोष्ट पुढे-मागे सरकवणे. पेडलचे दांडे जमिनीला समांतर ठेवले असता पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसाजवळ यावा. हाही एक सोयीचा प्रारंभबिंदू आहे. तिथून पुढे आपल्या शरीराचे ऐकावे.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचा नियम सांगायला नको : एका वेळी एकच गोष्ट बदला. मूळ जागेवर चिकटपट्टीची खूण करा, एका वेळी तीन ते पाच मिलिमीटर एवढाच फरक करा, दोन-तीन फेऱ्या मारा आणि वहीत नोंद ठेवा. सगळे एकदम बदलले तर गुण कशाने आला हे कधीच कळणार नाही.

कपडे, घाम आणि पाऊस

मिनिटाला ७५ फेरे धरले तर चार तासांत पेडलचे १८,००० फेरे होतात. तितक्या वेळा मांडी सीटला घासते. जीन्सची जाड शिवण अशा वेळी करवतीचे काम करते. लांब जायचे असल्यास पॅड लावलेली सायकलची चड्डी वापरावी. तिच्या आत दुसरी चड्डी घालू नये आणि ती रोज धुवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओले कपडे कातडी लवकर सोलतात. घासणाऱ्या जागी थोडे व्हॅसलीन लावावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभे राहावे, म्हणजे दाबलेल्या भागात रक्त पुन्हा वाहू लागते. स्तवनिधीच्या किंवा वंटमुरीच्या घाटात चढावर आपण उभे राहतोच. सपाटीवर मात्र आठवणीने उठावे लागते.

एवढे करूनही बधिरता जात नसेल, लघवीला त्रास होत असेल किंवा गाठ, जखम झाली असेल, तर काही दिवस सायकल बंद ठेवून डॉक्टरांकडे जावे. विद्यार्थिनींना विशेष सांगणे असे की, हा त्रास सहन करण्यात कसलाही मोठेपणा नाही. घरी आईशी किंवा ताईशी, महाविद्यालयात एखाद्या मॅडमशी किंवा सरळ डॉक्टरांशी बोला. आपल्या राज्यात २००६-०७ पासून काही वर्षे आठवीच्या मुला-मुलींना सरकारने सायकली दिल्या. अनेक मुलींची शाळा त्या सायकलींनी टिकवली. ती सायकल केवळ सीट टोचते म्हणून कोपऱ्यात पडून राहणे परवडणारे नाही.

शेवट

२०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. एवढ्या अंतरात पायांतले बळ जितके लागते, तितकेच बसता येणेही लागते. योगशास्त्रात आसनाला स्थिरता आणि सुख या दोन्ही कसोट्या लावल्या आहेत. सायकलीच्या आसनालाही त्याच लावाव्यात.

आमच्या विद्यार्थ्याने जेलचे कव्हर काढले, सीट दोन सेंटीमीटर खाली घेतली आणि समांतर केली. मुंग्या निम्म्याहून कमी झाल्या. पुठ्ठ्यावरचे माप १२ सेंटीमीटर आले. त्याची सीट जेमतेम १३ सेंटीमीटरची होती. मित्राकडून १४.५ सेंटीमीटरची, मध्ये खाच असलेली जुनी सीट त्याने आठ दिवसांसाठी मागून आणली. आठ दिवसांनी ती परत करायला गेला, तो तिचे पैसे देऊनच आला.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तो माझ्या दारात उभा राहिला. निपाणीहून निघाला होता. अंगावर घामाचे मीठ पांढरे झाले होते. मी म्हटले, "ये, बस." खुर्ची पुढे केली.

तो हसून म्हणाला, "बसतो की सर, आता बसता येतंय."