शेजाऱ्यांवर ठरणारे चुंबकत्व

कोबाल्ट क्लोराइडचे गुलाबी द्रावण विज्ञानशिक्षकांच्या परिचयाचे आहे. त्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले असता ते निळे होते. धातू तोच राहतो. बदलतात ते त्याचे शेजारी. पाण्याचे सहा रेणू दूर होऊन त्यांच्या जागी चार क्लोराइड आयन येतात. धातूच्या आयनास बिलगून बसणाऱ्या अशा अणूंना वा रेणूंना लिगंड असे म्हणतात. या संयुगांच्या रचनेचा उलगडा आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली केला. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

रंगाप्रमाणेच चुंबकत्वावरही लिगंडांचा प्रभाव पडतो. कोबाल्ट आयनातील काही इलेक्ट्रॉन जोडीविना असल्याने असा प्रत्येक आयन हा एक सूक्ष्म चुंबकच होय. तथापि त्याची दिशा क्षणोक्षणी पालटत राहिली, तर तिच्या योगे माहिती साठविता येणार नाही. बैलगाडीचे चाक चाकोरीतून सहज चालते, बाहेर काढावयाचे तर जोर लावावा लागतो. तद्वत चुंबकासही एक ठरावीक अक्ष सोयीचा असावा लागतो. दिशेच्या या पक्षपातास चुंबकीय विषमदिक्ता म्हणतात. ती इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीतून उद्भवते. लिगंडांची पकड घट्ट असल्यास ही गती दबते. पकड सैल किंवा मांडणी अनुकूल असल्यास ती टिकते.

अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दाखविले की, गंधकाच्या चार अणूंनी वेढलेला एकटा कोबाल्ट आयन बाह्य चुंबकीय क्षेत्राविनाही आपली दिशा अल्पकाळ राखतो. २०१३ साली त्यांनी तशाच संयुगांची तुलना केली. विषमदिक्तेचे माप ऑक्सिजनसमवेत सुमारे ११, गंधकासमवेत ६२, तर सिलेनियमसमवेत ८३ प्रति सेंटिमीटर इतके भरले. २०१८ साली केवळ दोन कार्बन अणूंच्या मधोमध, सरळ रेषेत कोबाल्ट बसविण्यात आला. दिशा उलटण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा बांध पहिल्या संयुगात सुमारे २१ होता. येथे तो ४५० प्रति सेंटिमीटर झाला.

असे चुंबक अद्याप अतिशीत तापमानातच गुण टिकवितात. उष्णतेच्या कंपनांनी दिशा ढळते. एका रेणूवर माहितीची एक नोंद ठेवण्याचे उद्दिष्ट म्हणूनच दूर आहे. परंतु धातू न बदलता, केवळ त्याचे शेजारी निवडून चुंबकाचा स्वभाव घडविता येतो, ही गोष्ट मात्र सिद्ध झाली आहे.